साडूच्या बाजूची रेघ

डॉक्टरांच्या पट्ट्याच्या बकलानं केलेला आवाज तसा काही मोठा नव्हता. कोणी पाटीवरून नख ओढावं, एवढाच. पण डॉक्टर पडले दातांचे. बारीक आवाजावरून मोठं नुकसान ओळखण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. तो 'खर्र' कानावर पडला आणि मोटरसायकलवर ओणवे झालेले डॉक्टर जागच्या जागी थिजले. सरळ व्हावं तर बकल आणखी घासणार. तसंच राहावं तर किती वेळ राहणार?

रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. बस डेपोच्या रिकाम्या शेडमध्ये मोटरसायकल क्लबाचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. साठेक गाड्या, प्रत्येकीपुढे दोरी आणि दोरीला पाटी : 'कृपया हात लावू नये.' डॉक्टरांनी हात लावलाच नव्हता. त्या बाबतीत ते फार काटेकोर. एक हात त्यांनी पाठीशी धरला होता, आणि दुसऱ्या हातात होता रुग्णाच्या तोंडात घालायचा छोटा, लांब दांड्याचा आरसा. तो टाकीखाली धरून ते तळाचा जोड न्याहाळत होते. हा आरसा ते दर वर्षी खिशात घालून आणत. वरवरून तर काय, सगळेच बघतात! पण पाटी लिहिणाऱ्यानं फक्त हाताचा विचार केला होता, पोटाचा आणि त्याखालच्या पट्ट्याचा केला नव्हता.

डॉक्टरांकडे स्वतःची मोटरसायकल नव्हती. लहानपणापासून वेड मात्र पुरेपूर. कुठल्या साली कुठल्या गाडीचा दिवा चौकोनी झाला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. पत्नीचा विरोध होता असंही नाही. ती म्हणायची, "घ्या की. आधी वाकून स्वतःचे मोजे स्वतः घालून दाखवा, मग घ्या." तेव्हा डॉक्टर आपली हौस दवाखान्यातल्या खुर्चीवर भागवत. रुग्णाला वर घेताना त्यांच्या तोंडून नकळत बारीक 'घुर्रर्र' निघे, आणि रुग्णाला वाटे, मशीन सुरू झालं.

तर असे डॉक्टर थिजलेल्या अवस्थेत मान वर करून बघतात, तो टाकीच्या पलीकडे, बरोबर समोर, तसाच ओणवा झालेला एक म्हातारा चेहरा. कुठेतरी पाहिलाय, पण आठवेना. मग त्या चेहऱ्यानं तोंड उघडलं आणि ओळख पटली. वरची कवळी! गेल्या वर्षीची. डॉक्टरांनी स्वतःच बसवलेली.

"हलू नका," कवळी म्हणाली. "पोट आत घ्या. आणखी. अजून शिल्लक आहे का? तेही घ्या. आता सरळ वर या. सरळ! मागे नाही."

डॉक्टर लिफ्टसारखे वर आले. मग दोघांनी मिळून टाकीकडे पाहिलं.

टाकी काळीभोर. तिच्या खांद्यावरून, पुढून मागे, गव्हाच्या काडीएवढी एक सोनेरी रेघ गेली होती. दिव्यापाशी सुरू होऊन, गुडघा टेकतो तिथं हलकेच वळून, सीटजवळ उंदराच्या शेपटीसारखी बारीक होत संपणारी. त्या रेघेचा मधला चार बोटांचा तुकडा आता डॉक्टरांच्या बकलावर होता.

"तुमची आहे गाडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी कुठली! माझी फक्त ही इकडची रेघ," म्हातारबुवा म्हणाले. "तुम्ही घासलीत ती साडूची."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. कळायला वेळही मिळाला नाही, कारण गाडीची मालकीण हातात चहाचा कप घेऊन तिथं पोचली होती.

बाई पन्नाशीची. तिची बेकरी होती, आणि पहाटे तीनपासून कणीक मळून तिचे हात असे झाले होते, की डॉक्टरांची नजर आधी त्या हातांवरच गेली. तरुणपणी अकरा वर्षं तिनं याच मोटरसायकलवरून घरोघर पाव पोचवले होते. पुढे टेम्पो आला आणि गाडी पिठाच्या पोत्यांमागे गेली. गेल्या चार वर्षांत, रोज बेकरी बंद केल्यावर दीड तास, बाईनं स्वतःच्या हातांनी तिचा स्क्रू न् स्क्रू सोडवला, साफ केला, परत बसवला.

"कोणी केलं?" तिनं विचारलं.

अशा वेळी माणूस आजूबाजूला बघतो. डॉक्टरांनीही बघितलं. मग म्हणाले, "मी. चुकून."

"चार वाजता परीक्षक येणार आहेत," बाई शांतपणे म्हणाली. तिनं आरडाओरडा केला असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. "जुन्या रंगाच्या गाड्यांच्या विभागात आहे ही. चार वर्षांत मी सगळ्याला हात लावला, फक्त टाकीला लावला नाही. तुम्ही लावलात."

"हात नाही, पट्टा," डॉक्टर म्हणाले. काही वाक्यं खरी असूनही बोलायची नसतात, हे त्यांना वाक्य संपल्यावर कळलं.

बाईनं खिशातून नियमांचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. दुरुस्ती चालेल, पण जुन्या पद्धतीनं, हातानं केलेली, आणि तसं अर्जात लिहिलेलं हवं. स्टिकर लावल्यास गाडी बाद. "आता मला सांगा, रविवारी, पाच तासांत, अशी रेघ हातानं ओढणारा माणूस मी कुठून आणू?"

डॉक्टरांनी म्हातारबुवांकडे पाहिलं. बाईनंही पाहिलं. म्हातारबुवा छताकडे बघत होते.

हे म्हणजे रेघकाका. नाव अर्थातच दुसरं काहीतरी होतं, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. डॉक्टर त्यांना या प्रदर्शनात चार-पाच वर्षं बघत होते, पण तोंड बंद असल्यामुळे ओळख पटली नव्हती. लक्षात राहायचं कारण म्हणजे त्यांची चाल. लोक गाडीला चहूबाजूंनी फेरी घालतात. हे गृहस्थ मात्र प्रत्येक गाडीच्या फक्त उजव्या बाजूनं जात. रांगेच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, पुढच्या रांगेतही गाड्यांची उजवी बाजूच येईल असं बघून परत यायचं. एखाद्या गाडीपाशी पाच मिनिटं, बाकीच्यांकडे ढुंकूनही नाही. डॉक्टरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की बिचाऱ्यांची मान आखडत असावी.

मान ठणठणीत होती. गोष्ट वेगळीच होती. मोटरसायकलच्या कारखान्यात रेघकाकांनी एकतीस वर्षं टाक्यांवर सोनेरी रेघ ओढली, आणि एकतीस वर्षं फक्त उजव्या बाजूची ओढली. तिथली रीतच तशी. टाकी मधे एका घोडीवर ठेवायची, दोन्ही बाजूंना दोन स्टुलं, दोन माणसं. रेघ पुढून मागे जायला हवी, आणि ब्रश हातामागून ओढत न्यायचा असतो, ढकलायचा नसतो. म्हणून डाव्या बाजूला उजव्या हाताचा माणूस लागे आणि उजव्या बाजूला डावखुरा. शाळेत ज्या डाव्या हातावर रेघकाकांनी छड्या खाल्ल्या, त्याच हातावर त्यांना नोकरी लागली. "मास्तरांनी मारलेली प्रत्येक छडी पगारात वसूल केली," असं ते म्हणत.

समोरच्या स्टुलावर एक तरुण बसे. दिवसभर एकमेकांसमोर, पण मधे टाकी; त्यामुळे दोघांना एकमेकांची टोपी आणि भुवया तेवढ्या दिसत. रेघ ओढताना श्वास रोखायचा, म्हणजे बोलणंही बंद. अशी दोन वर्षं गेल्यावर रेघकाकांनी आपल्या मेव्हणीसाठी या मुलाचं नाव सुचवलं. सासऱ्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? काका म्हणाले, "हात स्थिर आहे." बाकी त्यांना काही माहीतच नव्हतं. एवढ्या एका वाक्यावर लग्न जमलं, आणि समोरच्या स्टुलावरचा माणूस त्यांचा साडू झाला.

पुढची बरीच वर्षं सगळं गुण्यागोविंदानं चाललं. मग कारखान्यात स्टिकर चिकटवणारं मशीन आलं आणि दोघांना एकाच दिवशी निरोप मिळाला. निरोपाला प्रत्येकी एक घड्याळ आणि कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडरच्या बाराही पानांवर मोटरसायकलींचे फोटो, आणि बाराही फोटो डाव्या बाजूनं काढलेले. फोटोवाल्यानं मुद्दाम केलं असेल असं नाही. गाडी स्टँडवर तिकडे कलते, तशी ती दिसते छान. पण झालं काय, की एका साडूची रेघ वर्षभर गावोगावच्या भिंतींवर लटकली, आणि दुसऱ्याची त्या भिंतीकडे तोंड करून बसली. तरी काका काही बोलले नसते. पण सासुरवाडीच्या जेवणात, सगळ्या पंगतीसमोर, साडू वाढप्याला थांबवून हसत म्हणाला, "अहो, चांगली बाजूच पुढे करतात लोक!"

काकांनी त्या दिवशी ताट सोडलं आणि बोलणंही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दोघांची घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर, बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे भेटी टळत नसत. पण बोलणं व्हायचं ते बायकांमार्फत. समोरासमोर बसून एक म्हणे, "विचार त्याला, मीठ हवंय का." दुसरा म्हणे, "सांग त्याला, आहे." आणि तरीही एकाला दुसऱ्याची रक्तातली साखर किती, ती आकड्यासकट ठाऊक.

एवढं सगळं रेघकाकांनी बाईला आणि डॉक्टरांना तिथंच, दोरीला धरून, दहा मिनिटांत सांगितलं. फक्त पंगतीतलं वाक्य सांगताना त्यांचा आवाज चढला आणि कवळी थोडी सुटली.

"मग काका, तुम्हीच ओढा ना रेघ," बाई म्हणाली.

"ती बाजू माझी नाही."

"रेघ ती रेघच ना?" डॉक्टर म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरांना 'दाढ ती दाढच ना' म्हणणारे आपले रुग्ण आठवले.

"बरं, मग साडूंनाच बोलावू," बाई म्हणाली. "मी जाते, हात जोडते."

"हात कापतो आता त्याचा," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. बशीत कप ठेवतो तेव्हा तार ऑफिसातलं मशीन चालल्यासारखं ऐकू येतं. मेव्हणी सांगत होती." आणि मग जरा वेळानं, कोणी काही विचारलेलं नसताना, "वाईट झालं."

काका वाकून त्या चार बोटांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथं काळ्या रंगाला काही झालं नव्हतं, नुसतंच सोनं गेलं होतं. "नुसता तुकडा भरता येणार नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "जोड दिसतो. पूर्ण पुसावी लागेल. पुसून पुन्हा एका दमात, पुढून मागे. म्हणजे ही साडूची रेघ गेलीच म्हणायची. त्याच्या हाताची परत व्हायची नाही." मग एकदम डॉक्टरांकडे वळून, "गाडी आहे ना तुमच्याकडे? चारचाकी? मग चला घरी. सोनेरी रंग घरी आहे. आणि तो पट्टा काढा आधी!"

रेघकाकांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. डॉक्टर आत शिरले आणि बघतच राहिले. फ्रिजवर रेघ, दाराच्या चौकटीवर रेघ, गॅसच्या सिलिंडरवर रेघ, नातवंडाच्या तीनचाकी सायकलवर दोन रेघा. इस्त्रीचासुद्धा काठ सोनेरी. सगळ्या डाव्या हातानं ओढलेल्या, सगळ्या एका वळणाच्या.

"घरात रेघ नाही अशी मी एकटीच उरलेय," काकू पाण्याचा पेला पुढे करत म्हणाल्या. पेल्यालाही रेघ होती. "झोपताना तोंडावरून पांघरूण घेते, न जाणो!" मग त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांनी त्यांनी पँट धरून ठेवली होती. "काय झालं हो यांना?"

"पट्टा जप्त केलाय," काका आतून म्हणाले. ते कपाट उपसत होते. "आणि तुझ्या मेव्हण्याची रेघ पुसायला चाललोय."

काकूंचा चेहराच बदलला. "काय म्हणालात? एकोणीस वर्षांचं वैर आता त्या टाकीवर काढताय?"

"पुसून परत काढणार आहे."

"कशी काढणार? तुमच्यासारखी की त्यांच्यासारखी?"

कपाटातला आवाज थांबला. काका रंगाची डबी घेऊन बाहेर आले. लगेच चपला घालू लागले. काकूंनी डॉक्टरांना पँटसाठी दोन सेफ्टी पिना दिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांच्यासारखी काढायला सांगा हो. माझ्या बहिणीला तोंड दाखवायचंय मला."

गाडीत रेघकाका एकच वाक्य बोलले. "सरळ रेघ कोणीही ओढतो, डॉक्टर. वळणावर माणूस कळतो."

शेडमध्ये परतले तेव्हा दीड वाजला होता. काकांनी एका पत्र्याच्या झाकणात सोनेरी रंग घेतला, त्यात तपकिरी रंगाचा ठिपका टाकला, काळ्याचा त्याहून बारीक टाकला, आणि ढवळून शेजारच्या जुन्या रेघेशी ताडून पाहिला. तीनदा टाकून दिला. चौथ्यांदा रंग जमला. मग ब्रश काढला. तो त्यांच्या खिशात कायम असे, थर्मामीटरच्या नळीत. मूठ करंगळीएवढी आणि केस मात्र बोटभर लांब. "खारीच्या शेपटीचे," काका म्हणाले. "खार वारली, ब्रश चाललाय."

मग ते कापूस आणि पॉलिशची पेस्ट घेऊन डाव्या बाजूला गेले. रेघ पुसायची वेळ आली होती. पुसण्याआधी त्यांनी चष्मा वर करून ती एकदा, दिव्यापासून सीटपर्यंत, अगदी जवळून पाहिली. एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही गाडीच्या या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. पाहणं बराच वेळ चाललं. बाईनं डॉक्टरांना कोपरानं ढोसलं, डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटी काका "हं" म्हणाले आणि पुसायला लागले.

टाकीची डावी बाजू कोरी झाली. आता परतीची वाट नव्हती.

आणि मग काकांनी असं काही केलं, की डॉक्टरांना वाटलं ते निघाले. ते उठले, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला, आपल्या बाजूला गेले, पावांचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसले आणि टाकीवरून पलीकडे वाकले.

"काका, रेघ इकडे काढायची आहे," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे. मी डावखुरा. तिकडून मला ब्रश ढकलावा लागेल, इकडून ओढता येतो." ते आणखी वाकले. "आणि दुसरं म्हणजे, साडूची रेघ मी एकतीस वर्षं इथूनच बघितली. समोरून, उलटी. सुलटी मला येतच नाही."

आता एक अडचण राहिली. रेघेचा शेवट टाकीच्या पोटाकडे वळत असल्यामुळे तो काकांना वरून दिसेना. डॉक्टरांनी आपला छोटा आरसा काढला, डाव्या बाजूला जमिनीवर गुडघे टेकले आणि आरसा रेघेच्या शेवटाखाली धरला. "असा?" "जरा वर. जरा बाहेर. हं, दिसला शेवट." पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात धरलेला तो आरसा डॉक्टरांनी इतका स्थिर कधीच धरला नव्हता.

"आणि हे धरा," काका म्हणाले. त्यांनी रुमालात गुंडाळून काहीतरी टाकीवरून पुढे केलं. कवळी. "श्वास रोखला की वाजते. नीट बसवली असती तर काढावी लागली नसती."

डॉक्टरांच्या एका हातात आरसा, दुसऱ्या हातात स्वतःच बनवलेले दात, आणि पँट दोन सेफ्टी पिनांच्या भरवशावर. बाई पाठ करून उभी राहिली होती. तिला बघवत नव्हतं.

काकांनी करंगळी टाकीच्या कडेला टेकवली, ब्रश रंगात भिजवून झाकणावर दोनदा लोळवला, आणि दिव्यापाशी टेकवला. श्वास घेतला. आणि हात निघाला.

घाई नव्हती, थांबणंही नव्हतं. हात पुढे, ब्रश मागे, आणि ब्रशामागून रेघ आपोआप उमटत येत होती, जणू ती आत आधीपासून होतीच आणि कोणी नुसती धूळ झटकत होतं. वळण आलं. डॉक्टरांना जमिनीवरून काकांचा चेहरा दिसत होता. वळणापाशी त्यांच्या भुवया क्षणभर वर गेल्या, एखाद्या जुन्या कोड्याचं उत्तर अचानक सापडावं तशा. रेघ वळली आणि जाड झाली नाही. मग शेपूट. आरशात सोनेरी टोक बारीक होत गेलं, आणखी बारीक, आणि संपलं.

काकांनी श्वास सोडला. डॉक्टरांनीही सोडला. आपणही रोखला होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

"फालं," काका म्हणाले. कवळी अजून डॉक्टरांकडेच होती.

तासाभरानं रंग धरला, तेव्हा काकांनी बाईकडे चिमूटभर मैदा मागितला. तो हलक्या कापसानं रेघेवर लावून फुंकर मारली, आणि नव्या सोन्याची चमक जुन्यासारखी मंद झाली. बाईनं अर्जाचा रकाना भरला. रकाना होता दोन बोटांचा, म्हणून तिनं एवढंच लिहिलं : 'एका बाजूची रेघ आज हातानं काढली.'

परीक्षक बरोबर चारला आले. पांढरे हातमोजे, गळ्यात भिंग, हात पाठीशी. डॉक्टरांनी सवयीनं आधी त्यांच्या कंबरेकडे पाहिलं. गृहस्थांनी पट्टा घातलाच नव्हता, पँटला खांद्यावरून गॅलिस लावले होते. जाणकार ते जाणकारच!

त्यांनी इंजिन पाहिलं, चाकं पाहिली, बाईला चार प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तराला मान हलवली. मग अर्ज वाचला. भिंग लावून डावी रेघ पाहिली, उजवी पाहिली, पुन्हा डावी पाहिली.

"डावी मूळची," ते म्हणाले. "काय हात होता पूर्वीच्या कारागिरांचा! वळण बघा, केसभरही फरक नाही. दुरुस्ती केलीय ती उजवी. वाईट नाही, प्रयत्न चांगला आहे. पण वळणावर हात जरा जड पडलाय. मूळच्या जोडीची झालेली नाही. दोन गुण वजा."

बाईनं तोंड उघडलं. डॉक्टरांनीही उघडलं. काकांनी एका पावलानं पुढे होऊन दोघांच्या मधोमध उभं राहत परीक्षकांना विचारलं, "पण डावी आवडली?"

"अहो, आवडली काय विचारता! हल्ली अशी बघायला मिळत नाही."

"बरं," काका म्हणाले आणि मागे झाले.

बाईच्या गाडीला तिच्या विभागात पहिला नंबर मिळाला. विभागात गाड्या तीनच होत्या आणि त्यातली एक वेळेवर सुरू झाली नाही, हेही खरं आहे. पण बाईनं एका हातात ढाल घेऊन दुसऱ्या हातानं डॉक्टरांचा हात असा दाबला, की पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी डाव्या हातानं दात तपासले. "पुढच्या वर्षी या," ती म्हणाली. "लांबून बघा."

शेड रिकामी होऊ लागली. काका अजून गाडीच्या डाव्या बाजूलाच उभे होते. त्यांनी डॉक्टरांना खुणेनं बोलावलं.

"फोनवर फोटो काढता येतो ना तुमच्या? या बाजूचा काढा. आणि एका नंबरावर पाठवा." त्यांनी नंबर सांगितला. चिठ्ठी नाही, आठवणं नाही, सगळे आकडे एका दमात, रेघ ओढल्यासारखे.

"कोणाचा नंबर?"

"आहे एकाचा."

"खाली काय लिहू?"

"काही नका लिहू."

फोटो गेला. काका क्रेटवर बसून ब्रश धूत राहिले, एकेक केस सोडवल्यासारखा. दहा मिनिटांनी डॉक्टरांचा फोन वाजला. साडूंनी बोलून निरोप पाठवला होता. लिहायला हात कापत असणार. डॉक्टरांनी फोन मधे धरला.

आवाज म्हाताऱ्याचा, पण ठणठणीत. "कोण बोलतंय मला माहीत नाही. पण तुमच्या शेजारी तो उभा असणार. सांगा त्याला, ही डावी माझी नाही. वळणापर्यंत मीही फसलो. पण शेपटीला बोटभर आधीच घाई झालीय. तिथं तो नेहमीच घाई करतो." मागे कुठेतरी बशीवर कप वाजला. "आणि उजवीचा फोटो का नाही पाठवला? ती बघायची आहे मला. एकतीस वर्षं समोर बसून उलटीच बघितली."

काकांनी ब्रश नळीत घातला, नळी खिशात घातली, आणि खिशावरून दोनदा हात फिरवला. डॉक्टर मात्र उत्साहानं उजव्या बाजूला धावले, दोन्ही सेफ्टी पिना सांभाळत, गाडीपासून चांगले तीन हात लांब राहून त्यांनी फोटो काढला.

"काका, हा पाठवतो," ते म्हणाले. "आणि खाली स्पष्ट लिहितो, की ही अस्सल रेघ असूनही परीक्षकांनी हिचे दोन गुण अन्यायानं कापले."

"अन्याय कसला," रेघकाका म्हणाले, "चार कापायला हवे होते."